आधी विद्या, मग यंत्र

(मठाच्या वर्धापन महोत्सवात बेळगाव येथे केलेले भाषण)

 

व्याख्यान देणे हा माझा धंदा नव्हे. माझे आयुष्य उद्यमबागेतील एका लहानशा कारखान्यात, लेथच्या घरघरीत गेले. ‘व्यवसाय, विद्या आणि जीवनातील निवड’ या विषयावर बोलावे अशी समितीची आज्ञा झाली. शास्त्राधार देण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून याच परिसरातील एका थोर उद्योजकाची हकीकत आणि माझ्या हातून घडलेली एक चूक, एवढेच आपल्यापुढे ठेवतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीस नीट उमगत नसे. तेव्हा त्यांनी रंग सोडला, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक रेखाकला आत्मसात करून व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून बेळगावास आले. प्रथम सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, आणि त्यानंतर लोखंडी नांगर, असा हा क्रम आहे. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या अधिपतींनी जमीन व दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

ही कथा आपण धाडसाची म्हणून सांगतो. मला मात्र ती क्रमाची कथा वाटते. आपल्यात काय उणे आहे हे त्यांनी आधी ओळखले, हातात काय आहे ते पारखले, विद्या मिळविली. भांडवल त्यानंतर आले.

मी नेमका उलटा चाललो. बारा वर्षांपूर्वी शेजारच्या कारखान्यात संगणकावर चालणारा लेथ आला. तो पाहून मीही राहते घर गहाण टाकून तसाच लेथ घेतला. आपल्याकडे त्याच्याजोगे काम किती आहे आणि तो चालविणार कोण, हे दोन प्रश्न मी स्वतःला विचारले नाहीत. आता कसबी माणसाची गरज उरणार नाही, असे विक्रेत्याने सांगितले. मला तेच ऐकायचे होते. वडिलांच्या काळापासून असलेल्या आमच्या मिस्त्रींना मी सांगितले, “आता तुमचे काम संपले.” ते काही बोलले नाहीत. आपली मोजपट्टी फडक्यात गुंडाळून निघून गेले.

त्यानंतर आठ महिने माल परत येत राहिला. पंपाच्या ओतीव भागांवर पहिलाच काप घेताना हत्यार बोथट होई. हप्ते थकले, बँकेची नोटीस घरी आली. ती पत्नीने वाचली आणि माझ्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींच्या दारात उभा राहिलो.

ते आले. नुकतीच पदविका घेतलेली माझी पुतणी यंत्रापाशी होती. मिस्त्रींनी थोडा वेळ नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, “मालक, याला आकडे कळतात, बीड कळत नाही. बिडाची कातडी कडक असते, वर वाळू चिकटलेली असते. पहिला काप त्या कातडीच्या खालून गेला पाहिजे. तुम्ही वरवर खरवडताय.” पुतणीने विचारले, “मिस्त्रीकाका, खोली किती ठेवू?” त्यांनी सांगितले, तिने आकडा बदलला, आणि हत्यार टिकले. त्या दिवसापासून ती त्यांच्याकडून धातू शिकली, आणि ते वयाच्या साठीनंतर तिच्याकडून पडद्यावरील आज्ञा वाचावयास शिकले. घर वाचले.

सज्जनहो, यंत्र वाईट नव्हते. तो लेथ आजही माझे पोट भरतो. पण यंत्र सांगितले तेच करते. एक आकडा चुकला तर तीच चूक शंभर नगांवर बिनबोभाट उमटविते. आज तर लिहिणारी, बोलणारी, सल्ला देणारी यंत्रे घरोघर आली आहेत. त्यांना तरुणांनी भिऊ नये आणि भुलूही नये. नवे काही स्वीकारताना एवढेच विचारावे : यातले मला काय कळते? ज्याला कळते, त्याला मी दाराबाहेर तर काढीत नाही ना?

एक गोष्ट राहिली. मिस्त्री परत आले, त्यांचा पगार वाढला, मानही राहिला. पण त्या दिवशीच्या शब्दांबद्दल मी त्यांची क्षमा कधी मागितली नाही. उद्या मागू, असे म्हणत राहिलो. गेल्या वर्षी ते निवर्तले. त्यांची मोजपट्टी आता पुतणीच्या हाती आहे. नफ्यातोट्याचा हिशेब वर्षअखेर जुळविता येतो. हा हिशेब वेळीच न केल्यास जुळत नाही. आपल्यापैकी कोणाचा असा हिशेब राहिला असेल, तर त्याने तो आज घरी जाताना पुरा करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.