वाळूच्या कणांमधील संसार

ओहोटी लागली म्हणजे मागें उरलेला वाळूचा पट्टा पाहणाऱ्यास निर्जीव भासतो. परंतु वाळूच्या दोन कणांमध्यें जी बारीकशी फट असते, तींत पाणी सांठून राहतें व त्या पाण्यांत नाना जीवांची वस्ती असते. त्यांपैकीं एका रहिवाशाची ही हकीकत आहे.

इटलीच्या ईशान्य भागांत, एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं, लिग्नानो नांवाचें गांव आहे. तेथील वाळूंत एक चपटा कृमि राहतो. लाडुर्नर, शेरर, साल्व्हेनमोझर व रीगर या प्राणिशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें आणि गांवावरून त्यास ‘मॅक्रोस्टोमम लिग्नानो’ असें नांव दिलें.

या कृमीची लांबी एक ते दोन मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या एक-दोन दाण्यांएवढी. देह कांचेसारखा पारदर्शक असल्यामुळें चिरफाड न करतांच सूक्ष्मदर्शकाखालीं आंतील सर्व मांडणी दिसते. पुढें मेंदू व दोन डोळे. त्यांच्या मागें, पोटाच्या बाजूस, तोंड. आणि नंतर पिशवीसारखें आंतडें. गुदद्वार नसल्यामुळें अन्नाचा चोथा तोंडावाटेंच बाहेर टाकावा लागतो. हृदय नाहीं, रक्त नाहीं, फुफ्फुसें अथवा कल्लेहि नाहींत. देह इतका पातळ कीं प्राणवायु कातडींतूनच आंत झिरपतो. अंगावरील सूक्ष्म केसांच्या लवेनें तो सरकत जातो व डायाटम नांवाच्या शैवालावर उपजीविका करतो. लाटेच्या ओढीपासून बचाव करणें हें काम शेपटीचें. तिच्या कडेस शंभराहून अधिक चिकट टोंकें असतात. तेथील एक ग्रंथि डिंकासारखा द्रव सोडते, तर दुसरी ती पकड सैल करते. त्यामुळें कणास चिकटणें व सुटणें हीं दोन्हीं कामें क्षणार्धांत होतात.

प्रत्येक कृमि एकाच वेळीं नरहि असतो व मादीहि. आंतड्याच्या दोहों बाजूंस प्रथम वृषणांची जोडी, तिच्या मागें अंडाशयांची जोडी, पुढें मादीचें द्वार आणि शेपटींत पोकळ, कठीण सुईसारखें नराचें इंद्रिय असतें. इतकें सर्व जवळ असूनहि हा कृमि स्वतःचें फलन स्वतः करीत नाहीं. त्यास जोडीदार लागतोच. दोघे एकमेकांस वळसा घालून कांहीं सेकंद घट्ट बिलगतात, आणि दोघेहि देतात व घेतात.

परंतु देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें हित नेहमींच एक नसतें. मिलनानंतर पुष्कळदां कृमि वांकून आपल्याच मादीद्वारावर तोंड टेंकतो व चोखतो, असें शेरर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं नोंदविलें. मिळालेला ऐवज काढून टाकण्याचा तो प्रयत्न असावा. शुक्रजंतूंच्या अंगावर मात्र दोन ताठ कांटे असतात. आंकड्याप्रमाणें अडकून राहण्यासाठींच ते असावेत, असें अनुमान आहे. शिवाय गर्दींत वाढलेल्या कृमींचे वृषण मोठे होतात. प्रतिस्पर्धी अधिक तेथें नरपणावर खर्च अधिक, असा हा काटेकोर हिशेब आहे.

जोडीदार मिळालाच नाहीं तर? याच कुळांतील ‘हिस्ट्रिक्स’ नांवाच्या कृमीनें त्यावर विलक्षण तोड काढली आहे. तो आपली तीक्ष्ण सुई जोडीदाराच्या अंगांत कोठेंहि खुपसतो. एकटे ठेवलेल्या कृमींत शुक्रजंतु मुख्यतः डोक्याकडील भागांत सांपडले, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. शेपूट वळवून तो स्वतःच्याच डोक्याकडील भागांत सुई टोंचीत असावा व तेथून शुक्रजंतु देहांतूनच अंड्यांपर्यंत जात असावेत, असा त्याचा अर्थ लाविला आहे.

लिग्नानोचा कृमि एका वेळीं एक अंडें घालतो. सुमारें पांच दिवसांत पिलूं बाहेर पडतें व तीन आठवड्यांच्या आंतच तें प्रौढ होतें. प्रौढाची शेपूट तुटली, वृषण व अंडाशय गेले, तरी मेंदू व घसा शाबूत असल्यास सर्व अवयव पुन्हां उगवतात. देहांत विखुरलेल्या मूलपेशी हें काम करतात. डोकें मात्र गेलें तर परत येत नाहीं.

जखम कशी भरते, अवयव पुन्हां कसा घडतो, हे प्रश्न मनुष्याच्याहि जिव्हाळ्याचे आहेत. म्हणूनच खसखशीएवढ्या या जीवापुढें मोठमोठे पंडित आज शिष्यासारखे बसले आहेत.