ऊन आणि तांब्या

आम्ही लातूरकरांनी पाणी रेल्वेनं येताना पाहिलंय. मांजरा धरण आटलं होतं. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून 'जलदूत' आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. डोक्यावर ऊन मात्र फुकट ओतत होतं.

आज त्याच उन्हावर सौरपंप चालतात. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्केच भरावे लागतात. रात्रीच्या विजेसाठी साप-विंचवातून शेतावर जाणं टळतं. हे सुख लहान नाही. पण बिल नाही म्हणून पंप दिवसभर उसाला उपसत राहिला, तर बोअरच्या तळाशी काय उरेल? ऊन रोज उगवतं, भूजल पावसावाचून भरत नाही.

माझी आजी एका तांब्यात वजू करायची. उरलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात जायचं. वाहत्या नदीकाठीही पाणी बेतानंच घ्यावं, असं ती सांगे. म्हणून वाटतं, सौरपंपासोबत ठिबक हवंच. आणि पंपाचा अर्ज भरण्याआधी गावानं एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडावा.