चिठ्ठीत आलेली बाजू
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी लिहून दिलेलं भाषण घडाघडा म्हणायचो. आता अमेरिकेतल्या एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो, आणि दरवर्षी वर्गाला एकच वाद घालायला देतो: निषेध म्हणून राष्ट्रध्वज जाळणं हा गुन्हा असावा का?

खटला खरा आहे. १९८४ साली डॅलसमध्ये रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू होतं. ग्रेगरी जॉन्सन नावाच्या निदर्शकानं सिटी हॉलसमोर झेंड्यावर रॉकेल ओतून तो पेटवला. खालच्या कोर्टात त्याला एक वर्ष कैद आणि दोन हजार डॉलर दंड झाला. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, तो त्याच्या बाजूनं. संसदेनं लगेच नवा कायदा केला. तोही १९९० मध्ये पाच विरुद्ध चारनंच पडला.

मुलांना वाटतं, कोणता न्यायमूर्ती कुठे असेल ते सांगायला नको. मग मी नावं वाचतो. रेगन यांनी नेमलेले, परंपरावादी स्कालिया जॉन्सनच्या बाजूला. उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे, दुसऱ्या महायुद्धात नौदलात असलेले स्टीव्हन्स विरोधात. वर्ग गप्प होतो, आणि मी चिठ्ठ्या टाकतो. आलेली बाजू बदलून मिळत नाही.

एका वर्षी, जिचा भाऊ सैन्यात होता अशा मुलीला जॉन्सनची बाजू आली. बदलून मागितली, मी दिली नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. (घरून फोन आला तो वेगळाच.) मग उभी राहून म्हणाली, "मला त्याचा संताप येतो. म्हणजे तो काहीतरी बोललाय. नुसतं कापड जळलं असतं तर मला काय झालं असतं?" समोरचा मुलगाही कच्चा नव्हता. तो म्हणाला, "बोलायला त्याला तोंड होतं, फलक होते. ते कुणी अडवले होते?"

तिचं मत बदललं नाही. मी ते विचारलंही नव्हतं.

मुलं भारताबद्दल विचारतात. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "तुमच्या शाळेत यावर वाद झाला होता?" झाला नव्हता. मघाशी मुख्याध्यापकांशी बोललो. "नववीत घेऊ, पण चिठ्ठ्या तुम्हीच टाका," म्हणाले.

सोमवारी साडेदहाला तास आहे.