बाळंतिणीची झोप
(मंडळाच्या महिला विभागापुढे दिलेल्या भाषणावरून)



बाळंतिणीच्या झोपेविषयी एका पुरुषाने, तोही केंद्र सरकारच्या फायलींत तीस वर्षे घालविलेल्या बी. ए. माणसाने बोलावे, याचे काहींना हसू येईल. आम्ही वैद्य नव्हे. परंतु या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती आपणांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

१९९८ च्या जानेवारीत आमच्या कन्येचा जन्म झाला. गावाहून दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर दोन खोल्यांचे सरकारी निवासस्थान. सासूबाई सव्वा महिना राहिल्या. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सारे यथासांग करून परतल्या. त्या रात्रीपासून आम्ही कचेरीचे निमित्त सांगून बाहेरच्या खोलीत निजू लागलो. १९९७ पासून केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली होती. तिचे परिपत्रक आमच्याच टेबलावरून पुढे गेले होते. मार्चअखेर जवळ आली म्हणून आम्ही ती घेतली नाही.

आमच्या सौ. रात्री चार-चार वेळा उठत. त्यांचे डोळे खोल गेले. रात्री डब्याचे दूध द्यावे, म्हणजे आईला झोप मिळेल, असे कोणी सुचविले आणि आम्हांस ते पटले. परंतु पाणी उकळा, निववा, बाटली स्वच्छ करा. तोवर बाळ रडून घर डोक्यावर घेई. झोप वाढली नाहीच, अंगावरचे दूध मात्र ओसरू लागले. ‘माझ्यातच काही उणे आहे,’ असे सौ. म्हणत. उणे आमच्यात होते, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

यामागील कारणमीमांसा आम्ही पुढे वाचली. तान्ह्या बाळाचे पोट लहान आणि आईचे दूध पचण्यास हलके. म्हणून पहिल्या आठवड्यांत त्याला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. दिवस आणि रात्र यांतील भेद त्याच्या शरीराला कळू लागण्यास दोन-तीन महिने जातात. दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आईच्या शरीरात रात्री अधिक असते. रात्रीचे पाजणे सारखे चुकविले, तर दूध कमी होऊ लागते. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते रात्रीस वगळून नव्हे.

मग अंगावर पाजणाऱ्या आईची झोप कमी होते काय? २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीन महिन्यांच्या बाळांना रात्री केवळ अंगावर पाजणाऱ्या कुटुंबांतील आई-वडिलांची झोप वरचे दूध देणाऱ्यांपेक्षा सुमारे चाळीस मिनिटे अधिक भरली. २०१० च्या दुसऱ्या एका अभ्यासात दोहोंत फरक आढळला नाही. तात्पर्य, डब्याने झोप विकत मिळत नाही. झोप तुटते ती दोन्हीकडे. आणि तुटलेली झोप शिणवते, हेही तितकेच खरे.

तेव्हा उपाय करावयाचा तो पाजण्याभोवतीच्या कामांवर. बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, उताणे निजवावे. त्याच्याजवळ उशा व जाड पांघरुणे नसावीत. दिवा मंद ठेवावा. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डोळा लागू देऊ नये. ते धोक्याचे असते. बाळाला आईपाशी आणून देणे, ढेकर काढणे, दुपटे बदलणे, पुन्हा निजविणे ही कामे वडिलांची. दिवसा बाळ निजले की आईनेही निजावे. धुणे-भांडी थांबू शकतात. आणि बाळ शांत निजले असताही आईला झोप येत नसेल, दोन आठवड्यांनंतरही तिचे मन सतत उदास राहत असेल, तर ‘होईल बरे’ म्हणून न थांबता डॉक्टरांकडे न्यावे.

महाराष्ट्रात ही उस्तवार आजी, काकू, आत्या करीत. त्यांची उणीव दूरदेशी आलेल्या संसाराला प्रथम जाणवते ती मध्यरात्री. मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव आणि नाटके केली, ती भूषणावहच आहेत. यापुढे प्रत्येक बाळंतिणीच्या घरी, माहेरची माणसे परतल्यानंतर महिनाभर, आळीपाळीने रात्रीचा डबा पोहोचविण्याचे कार्यही त्याने अंगीकारावे, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिल्या आठवड्याचे डबे आमच्या घरून जातील.

गेल्या वर्षी आमची तीच कन्या माता झाली. आमचे जावई पितृत्व रजा घेऊन घरी राहिले. एका पहाटे आम्ही पाहिले, तर ते नातवाला खांद्यावर घेऊन ढेकर काढीत होते आणि कन्या गाढ झोपली होती. सौ.नी आमच्याकडे एकवार पाहिले. बोलल्या काहीच नाहीत. आम्ही मुकाट्याने चहाचे आधण ठेवले.