लोणी कुणी कमी केले?

(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



मागच्या महिन्यात वस्तीतली एक बाई माझ्याकडे आली. नवऱ्याचे कोलेस्टेरॉल वाढलेले. दवाखान्यात बोलणी मात्र हिने खाल्ली, "भाजीत तेल किती ओतता हो?" मी विचारले, तुमचे रक्त कधी तपासले? ती नुसती हसली.

तेव्हापासून फिनलंडच्या उत्तर कारेलियाची गोष्ट तुम्हाला सांगायची होती. तिथले कर्ते पुरुष हृदयविकाराने पटापट मरत. 1971 मध्ये लोकांनीच सरकारकडे मागणी केली, 1972 मध्ये प्रकल्प सुरू झाला. तपासणीत पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल 267च्या आसपास निघाले, आणि बायकांचेही जवळजवळ तेवढेच. ताट एकच ना! दुभत्याचा मुलूख. पावावर लोण्याचा थर, सायीचे दूध, मांस. भाजीपाला म्हणजे गुरांचे खाणे.

नुसत्या माहितीपत्रकांनी लोणी हलणार नव्हते. मार्था ही गृहिणींची जुनी संघटना पुढे आली. गावोगावी ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ झाल्या. डॉक्टर थोडे बोलायचे. बायका नेहमीच्याच रश्श्यात मांस कमी, भाज्या जास्त घालून रांधायच्या आणि सगळ्यांना जेवायला घालायच्या. 2007 पर्यंत पुरुषांची सरासरी 210च्या घरात आली, बायकांची त्याहून खाली. कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू पुढे ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. जगभर नाव झाले ते डॉक्टरांचे. असो.

पण हे सारे चुलीपाशी घडले असे मी म्हणणार नाही. म्हटले तर उद्या तेही ओझे आपल्याच डोक्यावर! कमी सायीचे दूध, मोहरीच्या जातीचे स्वस्त तेल बाजारात आले. दूधवाल्या शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीसाठी सरकारने मदत केली. पुढे लोण्याची टूम परतली, तेव्हा 2012 च्या पाहणीत आकडा थोडा चढलाच.

1980 ते 2018 मध्ये पाश्चात्त्य देशांत कोलेस्टेरॉल उतरले, पूर्व आणि आग्नेय आशियात चढले. जगाची सरासरी जवळपास जागच्या जागी. आपल्याकडे तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी 2022 मध्ये. तोवर डब्यात काय होते, हे त्या बाईला कुणी सांगितले होते?

मंगळवारी ती रक्त द्यायला येणार आहे. उपाशीपोटी यायचे म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मग सकाळचा चहा यांना कोण देणार?"