डाळिंबाचा रस, उंदराची पिल्लं आणि आमची मावशी

आजचा एपिसोड घरातल्या भांडणावरून सुचलाय. ताईला आठवा महिना लागलाय. तिचा पहिला मुलगा जन्मला तेव्हा रडलाच नव्हता, एनआयसीयूच्या दाराबाहेर आम्ही नऊ दिवस काढले. म्हणून या वेळी मावशीने डाळिंबाच्या अर्काच्या कॅप्सूल आणून ठेवल्या. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की त्याने बाळाला ऑक्सिजन कमी पडला तरी मेंदूला काही होत नाही. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण मूळ पेपर वाचायची खोड आहे, म्हणून वाचत बसलो.

गंमत म्हणजे फॉरवर्ड पूर्ण खोटा नाही. 2005 साली अमेरिकेत सेंट लुईसला, डेव्हिड होल्ट्झमन यांच्या लॅबमध्ये गाभण उंदीर-माद्यांना पिण्याच्या पाण्यातून डाळिंबाचा रस दिला. पिल्लं सात दिवसांची झाल्यावर त्यांचा मेंदूकडचा रक्तपुरवठा आणि ऑक्सिजन, दोन्ही कमी केले. रस घेतलेल्या आयांच्या पिल्लांमध्ये मेंदूची हानी 60 टक्क्यांहून जास्त घटली. आकडा बघून मीही हललो, खोटं कशाला बोलू.

पण 2007 चा त्याच लॅबचा पुढचा पेपर कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात पिल्लांना रेस्व्हेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीत असतं ते, इंजेक्शनने दिलं. इजा व्हायच्या आधी दिलं तर उपयोग झाला. नंतर दिलं तर नाही.

आणि खरी अडचण इथेच आहे. कुठल्या बाळाचा श्वास अडकणार हे आधी कळतच नाही. अडकला, की पेशींची ऊर्जा संपते. श्वास सुरू केला की मेंदू काही तास सावरल्यासारखा वाटतो आणि मग दुसऱ्यांदा कोसळतो. सर्व्हर रीस्टार्ट झाला म्हणून आपण घरी जातो आणि पहाटे तो पुन्हा बसतो ना, तसंच. म्हणून बाळाला 33.5 अंशांपर्यंत थंड करायचा उपचार पहिल्या सहा तासांत सुरू करून 72 तास चालवतात. त्यातही गोम आहे. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या 408 बाळांवरच्या हेलिक्स चाचणीत (2021) त्याचा फायदा दिसला नाही, उलट मृत्यू वाढले. श्रीमंत देशांतला उपचार जसाच्या तसा इथे चालेल असं नाही, मग उंदरांवरचा कसा चालेल?

माणसांवर एक छोटी चाचणी झाली, 2019 मध्ये छापून आली. पोटात वाढ कमी असलेल्या बाळांच्या आयांना रोज ग्लासभर डाळिंबाचा रस दिला. एमआरआयमध्ये बाळांच्या मेंदूच्या ढोबळ रचनेत फरक नव्हता, आतल्या जोडण्यांमध्ये थोडा दिसला. बस, एवढंच.

मला खटकलं ते वेगळंच. ब्राझीलच्या हृदयतज्ज्ञांना असं दिसलं, की शेवटच्या तीन महिन्यांत आईने पॉलिफेनॉल खूप घेतले तर गर्भाच्या हृदयाजवळची एक नळी वेळेआधी आकुंचन पावू शकते. त्या नळीचं नाव डक्टस आर्टेरिओसस. पॉलिफेनॉल म्हणजे नेमकं तेच, जे त्या कॅप्सूलमध्ये कोंबलेलं असतं.

मी ताईला म्हटलं, कॅप्सूलचं आधी डॉक्टरांना विचार. आणि जिथे नाव घातलंयस तिथे हेही विचार, की बाळ रडलं नाही तर पहिल्याच मिनिटात बॅग-मास्कने श्वास द्यायला रात्री दोन वाजता कोण असतं?

तिने दोन्ही विचारलं. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूल बंद, डाळिंबाचे दाणे खा हवे तर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला पटलं नाही, म्हणून तिने हॉस्पिटल बदललं. मावशी अजून माझ्याशी धड बोलत नाही.