पासवर्ड न देता प्रवेश

बसच्या तिकिटाचं एखादं ॲप उघडलं की ‘गूगलने लॉगिन करा’ असं बटण दिसतं. ते दाबल्यावर आपला पासवर्ड त्या ॲपकडे जातो का? मुळीच नाही. पूर्वी मेलमधले पत्ते आणायला कितीतरी संकेतस्थळं सरळ पासवर्डच मागत. ते थांबावं म्हणून ओऑथ ही पद्धत आली. तिची दुसरी आवृत्ती २०१२ची. ॲप आपल्याला गूगलच्या पानावर पाठवतं, पासवर्ड आपण तिथेच देतो, आणि ॲपच्या हाती पडतं ते फक्त टोकन, म्हणजे ठरावीक कामापुरता डिजिटल परवाना.

मोबाइल ॲपने हे पान स्वतःच्या आत न उघडता फोनच्या ब्राउझरमध्ये उघडावं, अशी २०१७पासून तज्ज्ञांची लेखी शिफारस आहे. कारण आतल्या पानावर टाइप केलेलं अक्षर न् अक्षर ॲपला वाचता येतं. ब्राउझरमध्ये वरचा पत्ता दिसतो. तो गूगलचाच आहे ना, हे जरूर वाचून पाहा. मग येतं परवानगीचं पान. नाव आणि ईमेल मागितलं तर ठीक, पण तिकिटाच्या ॲपला तुमच्या ड्राइव्हवरच्या फायली कशाला हव्यात? तिथे बेलाशक नकार द्या. आणि हो, ॲप फोनमधून काढलं तरी दिलेली परवानगी आपोआप जात नाही. ती गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्द करावी लागते.